जुन्या स्नोमोबाइलची हिवाळ्याआधीची तयारी: आधी कार्बोरेटर, मग बाकीचं

सप्टेंबर संपत आला की ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन यायला लागतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसला राहणाऱ्या कुणीतरी उत्तरेला तळ्याकाठी केबिन घेतलेली असते. तिथल्या शेडमध्ये आधीच्या मालकाने सोडलेली स्नोमोबाइल, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी, असते आणि तिच्याबद्दल ‘मागं चालू होती’ एवढंच सांगितलेलं असतं. मी मूळचा इचलकरंजीचा, आता याच राज्यात ड्युलुथजवळ राहतो. यंत्रमागांच्या गावात वाढल्यामुळे यंत्र उघडायची भीती कधी वाटली नाही. माझ्याकडे १९९४ ची पोलारिस इंडी ट्रेल आहे: दोन सिलिंडरचं ४८८ सीसी टू-स्ट्रोक फुजी इंजिन, पंख्याच्या हवेने थंड होणारं, आणि दोन मिकुनी कार्बोरेटर. खाली लिहिलंय ते याच गाडीवर हात ठेवून, पण ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बहुतेक कार्बोरेटरवाल्या स्लेडना (इथं स्नोमोबाइलला स्लेडच म्हणतात) लागू पडेल. आकडे मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तकातले धरा.

थंडीत इंजिन जळतं

हे आधी डोक्यात पक्कं बसवा. आपल्याकडे इंजिन तापतं ते एप्रिल-मेमध्ये, घाटात. इथं उलट आहे. उणे ३० सेल्सियसची हवा ही अधिक ३० च्या हवेपेक्षा जवळपास पावपट जास्त दाट असते. म्हणजे सिलिंडरमध्ये प्रत्येक वेळी ऑक्सिजन जास्त जातो. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जेटच्या, म्हणजे आतल्या छोट्या पितळी तोटीच्या, भोकातून जाईल तेवढंच पेट्रोल सोडतो. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण लीन झालं. ते जास्त तापून जळतं आणि पेट्रोलच्या थंड फवाऱ्याने पिस्टनला मिळणारा दिलासाही कमी होतो. त्यात जेट अर्धवट तुंबलेला असेल किंवा कुठल्या तरी चिरेतून फुकटची हवा आत येत असेल, तर पूर्ण थ्रॉटलवर गोठलेलं तळं ओलांडेपर्यंत पिस्टनचा निकाल लागतो.

आमच्या शेजारी फिन्निश वंशाचे एक आजोबा आहेत. त्यांनी गॅरेजच्या फळीवर असं एक पिस्टन मुद्दाम ठेवलंय. एक्झॉस्टच्या बाजूची कड उंदराने कुरतडल्यासारखी खाल्लेली, वरची रिंग वितळलेल्या ॲल्युमिनियमने खाचेतच चिकटलेली, आणि खाली उभे ओरखडे. दुसऱ्या सिलिंडरचं पिस्टन मात्र धडधाकट होतं. दोष एका कार्बोरेटरच्या एका जेटमध्ये होता. म्हणून माझा सगळा भर पेट्रोलच्या वाटेवर असतो. बाकीची कामं महत्त्वाची आहेतच, पण ती हुकली तर गाडी अडते. हे हुकलं तर इंजिन जातं.

आधी उंदीर बघा

हुड उघडलं की पहिली बॅटरी मारायची ती एअरबॉक्समध्ये (कार्बोरेटरला हवा पुरवणारा डबा), मग पंख्याच्या आवरणात आणि सायलेन्सरच्या तोंडात. उन्हाळाभर शेडमध्ये उभ्या गाडीत उंदरांनी सीटचा फोम, गवत, कापूस भरलेला असतो. पंख्याच्या आवरणाखाली घरटं राहिलं तर सिलिंडरच्या पात्यांना हवा मिळत नाही आणि इंजिन तापतं. वरून दिसलं नाही म्हणून नाही असं समजू नका, आवरण काढून बघा. घरटं कोरडं झाडू नका. इथल्या डिअर माउस जातीच्या उंदरांच्या लेंड्या-मुतातून हांटाव्हायरस पसरू शकतो. शेडची दारं उघडून हवा खेळू द्या, हातमोजे घाला, जंतुनाशकाचं पाणी फवारून सगळं ओलं करा आणि मग उचला. वायरिंग कुठं कुरतडलंय का तेही त्याच फेरीत बघून घ्या.

पेट्रोल आणि त्याचे पाइप

टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढून टाका, त्यात नवीन मिसळून चालवायचा मोह नको. मिनेसोटात पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, जुनं रबर खराब करतं, आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण आणखी थोडं लीन होतं. या राज्यात स्नोमोबाइल, जुन्या गाड्या, छोटी इंजिनं यांच्यासाठी इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल विकायला परवानगी आहे. पंपावर त्याला ‘नॉन-ऑक्सी’ म्हणतात. गॅलनमागे थोडे पैसे जास्त जातात, पण मी जुन्या गाडीत दुसरं काही घालत नाही.

पाइप बोटात धरून वाकवा. कडक लागला, बारीक चिरा दिसल्या की बदला. टाकीच्या आतला पाइप कुणी बघत नाही. त्याच्या टोकाला जड गाळणी असते आणि ती टाकीच्या तळाशी लोळत असते. त्या पाइपला भेग गेली की टाकी अर्धी झाल्यावर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढायला लागतो. टाकी भरलेली असताना सगळं छान चालतं, त्यामुळे हा दोष लवकर सापडत नाही.

दुसरा दुर्लक्षित पाइप क्रँककेसपासून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद भागापासून, पेट्रोल पंपापर्यंत जाणारा. या पंपाला ना वायर ना मोटर. क्रँककेसमधला दाब प्रत्येक फेऱ्याला वरखाली होतो आणि त्या धक्क्यावर पंपाचा पातळ पडदा हलतो. पाइप चिरला की पंप दुबळा होतो आणि वर इंजिनात फुकटची हवाही शिरते. पडद्याचा किट स्वस्त मिळतो. पंप कधी उघडला होता हे माहीत नसेल तर उघडा आणि पडदे बदला.

कार्बोरेटर

आरएक्स १०० वर हात बसलेल्यांना इथं घरच्यासारखं वाटेल. तिचाही कार्बोरेटर मिकुनीचाच, व्हीएम घराण्यातला. इथं तो मोठ्या मापाचा आणि दोन आहेत इतकंच.

एअरबॉक्स सोडवा, पुढचे-मागचे क्लॅम्प ढिले करा आणि एका वेळी एकच कार्बोरेटर बाहेर काढा, म्हणजे दोन्हीकडचे भाग एकमेकांत मिसळणार नाहीत. वरचं झाकण फिरवलं की स्लाइड (थ्रॉटल दाबल्यावर वर उचलणारा भाग) आणि तिच्यातली निडल केबलसकट वर येतात. ती स्वच्छ फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा, निडल वाकता कामा नये. बाजूचा एअर स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा, किती फेरे झाले ते कागदावर लिहा आणि मगच बाहेर काढा.

खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीचे स्क्रू जपानी मापाचे आहेत. अमेरिकन फिलिप्स ड्रायव्हर त्यात वरवर बसतो पण घसरतो आणि डोकं गोल करून टाकतो. जेआयएस (जपानी मानकाच्या) ड्रायव्हरचा संच घ्या, एकदाच घ्यावा लागतो. वाटी काढल्यावर आत पिवळट, चिकट थर आणि जुन्या वार्निशचा आंबट वास आला तर समजा की जेटही तसेच आहेत. मधोमध मेन जेट दिसेल. पायलट जेट, ज्याला आपल्याकडे स्लो जेट म्हणतात, तो शेजारच्या भोकात खोल बसलेला असतो. त्याला बरोबर मापाचा बारीक ड्रायव्हर लागतो, नाहीतर पितळेची खाच तुटते.

आता जेट बोटाच्या चिमटीत धरून बल्बकडे बघा. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. गोल, कडा स्वच्छ असलेला ठिपका दिसायला हवा. ठिपका एका बाजूने कापल्यासारखा किंवा धुरकट दिसला, तर आत वार्निश धरलंय. त्यात लोखंडी तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. मासेमारीची नायलॉन दोरी वापरा, इथं प्रत्येक घरात असते. जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवा, दोरी फिरवा, हवा मारा आणि पुन्हा उजेडाकडे धरा. शंका उरली तर नवा घ्या. जेटची किंमत पिस्टनच्या मानाने काहीच नाही.

फक्त जेट साफ करून भागत नाही, बॉडीतल्या वाटाही मोकळ्या हव्यात. डोळ्यांवर चष्मा चढवून पायलट जेटच्या रिकाम्या भोकात क्लीनरची नळी टेकवून फवारा मारा. कार्बोरेटरच्या मुख्य नळीत, स्लाइड जिथे टेकते तिथल्या सुईएवढ्या छिद्रातून बारीक धार उडायला हवी. पुढच्या तोंडाशी हवेचं छिद्र असतं, तिथूनही यायला हवी. धार येत नसेल तर काम संपलेलं नाही, मग वरून कितीही चकचकीत दिसो.

जोडताना वाटीचं गॅस्केट आणि ओ-रिंग नव्या घाला. फ्लोट व्हॉल्व्हच्या टोकावर झिजेची रिंग उमटली असेल तर तोही बदला. कार्बोरेटर उलटा धरला की फ्लोटचा हात गॅस्केटच्या पृष्ठभागाला समांतर यायला हवा. चोकच्या दांड्याच्या टोकाचं रबर बघा आणि चोक बंद असताना त्याच्या केबलला किंचित ढील आहे याची खात्री करा.

मग दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बघायचं. एअरबॉक्स न लावता एका हाताची दोन बोटं दोन कार्बोरेटरच्या तोंडातून स्लाइडना टेकवा आणि दुसऱ्या हाताने थ्रॉटल अगदी हळू दाबा. एक आधी हलली तर तिच्या वरचा ॲडजस्टर फिरवून जुळवून घ्या. एक आधी उचलत असेल तर दोन सिलिंडर दोन वेगळ्या मिश्रणांवर चालतात, आणि सीटवर बसून ते कळत नाही.

केबलला ढील ठेवताना पोलारिसवाल्यांनी एक लक्षात घ्यावं. थ्रॉटलच्या खटक्यात सुरक्षेचा स्विच असतो. खटका सोडला आणि स्लाइड वरच अडकली, तर तो इग्निशन तोडतो. केबलची ढील चुकली की हा स्विच विनाकारण काम करतो आणि गाडी चालू होऊन लगेच बंद पडते. कार्बोरेटर साफ केल्यावर असं झालं तर आधी ही ढील तपासा.

मेन जेट कोणता?

हुडच्या आत किंवा बेल्टच्या आवरणावर तक्ता चिकटवलेला असतो: एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला समुद्रसपाटीपासूनची उंची, मध्ये जेटचे नंबर. नंबर मोठा म्हणजे भोक मोठं. तक्ता झिजला असेल तर पुस्तकात मिळेल. आधीच्या मालकाने कोणता जेट घातलाय हे त्याच्या बोलण्यावर सोडू नका, वाटी उघडलीच आहे तर नंबर वाचा.

ड्युलुथचा तळ्याकाठचा भाग समुद्रसपाटीपासून फक्त १८३ मीटरवर आहे. इथून मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोनला स्लेड नेली तर तिथं उंची दोन हजार मीटरच्या पुढे. हवा विरळ, म्हणून जेट लहान लागतो. तिथला लहान जेट तसाच ठेवून जानेवारीत मिनेसोटात गाडी पळवली की पिस्टन गेलंच म्हणून समजा. डोंगराळ राज्यातून सेकंडहँड स्लेड आणणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

आणि थंडीचा अंदाज उदार मनाने करा. आमच्या उत्तरेला टॉवर गावात २ फेब्रुवारी १९९६ ला पारा उणे ५१ सेल्सियसला गेला होता, तो राज्याचा विक्रम आहे. इतकं रोज नसतं, पण जानेवारीतली पहाट उणे ३० ला जाणं इथं नवं नाही. तक्त्यात दोन पट्ट्यांच्या सीमेवर असाल तर थंड पट्ट्याचा जेट घाला. किंचित जास्त पेट्रोलने प्लग काळा होईल, तो बदलता येतो.

चोरवाटेची हवा

कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले रबरी बूट काढून हातात वाकवा. बसवलेले असताना चिरा दिसत नाहीत, वाकवल्यावर उघडतात. इंजिन थ्रॉटल न दाबता शांत चालू असताना बुटांभोवती कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारला आणि आवाज बदलला, तर तिथून हवा शिरतेय. गरम सायलेन्सरपासून फवारा लांब ठेवा. गाडी बरीच वर्षं उभी असेल तर क्रँकच्या सीलची शंका धरा. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनात सुमारे ६ पीएसआय हवा भरायची आणि काटा खाली येतो का बघायचं. हातपंप आणि रबरी बुचांचा किट मिळतो. रेस आपोआप वर चढत असेल आणि बूट चांगले असतील, तर ही चाचणी केल्याशिवाय गाडी पळवू नका.

ऑइल आणि कॉम्प्रेशन

टाकीतलं टू-स्ट्रोक ऑइल इंजिनात सोडणाऱ्या इंजेक्शन पंपाच्या हातावर एक खूण असते आणि बॉडीवर दुसरी. थ्रॉटलची ढील संपून स्लाइड उचलायला लागते त्या क्षणी दोन्ही जुळायला हव्यात. पाइप काढले असतील तर पंपाच्या स्क्रूतून हवा काढा. पहिल्या टाकीला मी पेट्रोलमध्येही ५० ला १ प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिली, टू-टी ऑइल घालतो. धूर जास्त होतो, पण पंप खरोखर ऑइल ओढतोय हे ऑइलच्या टाकीवरची खूण खाली सरकल्यावरच सिद्ध होतं. तोवर इंजिन कोरडं राहायला नको.

कॉम्प्रेशन दोन्ही प्लग काढून, प्लगच्या वायरी इंजिनला अर्थ करून आणि थ्रॉटल पूर्ण दाबून मोजा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर एक्झॉस्ट काढून पोर्टमधून पिस्टन बघा. उभे ओरखडे किंवा ॲल्युमिनियमचा लेप दिसला तर पुढे जाऊ नका. माझ्या गाडीला एनजीकेचे बीआर८ईएस प्लग लागतात, गॅप ०.७ मिमी.

बेल्ट, चेनकेस आणि खालचा भाग

क्लचच्या दोन पुल्यांवरून फिरणाऱ्या बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, दोरे सुटले असतील किंवा रुंदी मर्यादेखाली गेली असेल, तर बदला. जुना चांगला असेल तर सुटा म्हणून सीटखाली ठेवा. क्लचच्या पुल्या खरखरीत स्क्रबरने घासून ब्रेक क्लीनरने पुसा. तिथं ऑइल किंवा ग्रीस अजिबात नको. नवा बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवून घाला. आणि बेल्ट किंवा आवरण काढलेलं असताना इंजिन रेस करू नका. वेगात फिरणारा क्लच फुटला तर त्याचे तुकडे माणसाचा जीव घेऊ शकतात.

चेनकेसचं (ट्रॅक फिरवणाऱ्या चेनच्या पेटीचं) तेल बदलताना चुंबकाला बारीक पूड लागली तर चालेल, तुकडे लागले तर झाकण उघडा. इंडीच्या चेनचा ताण सोपा आहे: बोल्ट हाताने टेकेपर्यंत आवळा, पाव फेरा मागे घ्या, नट लॉक करा.

मागची बाजू स्टँडवर उचलून ट्रॅक हाताने फिरवा. चाकं खडखडत असतील तर बेअरिंग बदला. ट्रॅकखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बाजूच्या खुणेपर्यंत झिजल्या असतील तर त्याही बदला. ट्रॅकची सरळ रेषा बघायला इंजिन लावून तो हळू फिरवताना मागे कुणी उभं राहू देऊ नका, ट्रॅकमधून दगड किंवा खिळा गोळीसारखा सुटतो. ग्रीसचं प्रत्येक निपल शोधा, मागच्या सस्पेन्शनमधली सहज दिसत नाहीत. स्कीखालच्या कार्बाइडच्या कठीण धारा अर्ध्या झिजल्या असतील तर वळणावर गाडी सरळच जाईल. ब्रेक, हेडलाइट आणि किल स्विच (इंजिन झटकन बंद करायचं बटण) तर बघायचेच.

पहिल्यांदा चालवताना

इंजिन चोकशिवाय शांत रेस धरेपर्यंत थांबा. ट्रॅक गोठला असेल तर मागची बाजू उचलून मोकळा करा, थ्रॉटलने झटके देऊ नका, बेल्ट जळतो. पहिले काही मैल अर्ध्या थ्रॉटलवर चालवा. मग मोकळ्या, सरळ जागी थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल द्या, चालू वेगातच किल स्विच दाबा आणि प्लग काढून बघा. पांढराफटक म्हणजे लीन, गाडी तशीच हळू घरी आणा आणि जेट मोठा करा. काळा, ओला असेल तर जास्त पेट्रोल. आताच्या पेट्रोलमध्ये प्लगचा रंग पूर्वीइतका बोलत नाही, म्हणून प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथाही बघा. आत येणारं मिश्रण त्याच्या कडेला जिथे आदळतं तिथं धुतल्यासारखे छोटे स्वच्छ पट्टे हवेत. माथा कडेपर्यंत सगळा कोरडा, राखाडी असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

आठवड्याभराने पुन्हा एकदा ट्रॅकचा ताण आणि बुटांचे क्लॅम्प आवळा, थंडीत रबर आक्रसतं. घातलेल्या मेन जेटचा नंबर आणि एअर स्क्रूचे फेरे मास्किंग टेपवर लिहून हुडच्या आत चिकटवा.

नोंदणी बर्फ पडायच्या आधीच करून घ्या. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या रहिवाशांना इथं स्नोमोबाइलच्या सुरक्षेचं प्रमाणपत्रही लागतं. ट्रेल (आखून दिलेली वाट) न धरता तळ्यावरून जाणार असाल तर राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची सूचना अशी आहे: स्नोमोबाइलसाठी किमान ५ ते ७ इंच नवा, स्वच्छ बर्फ. पांढरा, हिमाचा थर गोठून झालेला बर्फ असेल तर जाडी दुप्पट हवी. मी ड्रिलने भोक पाडून टेपने मोजतो, आणि ओढा जिथं तळ्याला मिळतो तिथं मोजूनही जात नाही.